व्हॅनिला फुलली त्या सकाळी

ऑर्किड म्हटलं की आमच्याकडे लोकांना लग्नाच्या हॉलातली, स्टेजवरची जांभळी फुलं आठवतात. माझं ऑर्किड तसलं नाही. रोह्याजवळच्या आमच्या घरामागे सुपारीच्या झाडांवर मी व्हॅनिलाची वेल चढवली आहे. व्हॅनिला हेही ऑर्किडच, हे मी गावात इतक्यांदा सांगितलंय की आता नुसतं तोंड उघडलं तरी लोक चालू लागतात. "आइस्क्रीमचं झाड" हेच तिचं नाव पडलंय. कैक वर्षं तिने फक्त पानं दाखवली. आई म्हणायची, "तुज्यासारखीच हाय ती. वाढते नुसती."

आईला घाई माझ्या लग्नाची. कंपनीतलं कंत्राट संपलं, मी वाडीत रमलो, आणि स्थळं यायची बंद झाली. मुलगा बागायती करतो म्हटलं की मुलीकडचे चहासुद्धा अर्धा ठेवून उठतात. शेवटी आईने मध्यस्थाला ठोकून दिलं की मुलगा कंपनीत शिफ्टला जातो. आणि काय सांगू, पेणचं स्थळ जमत आलं! मुलगी मला आवडली. अगदी मनापासून आवडली. पेणहून परत येताना बाइकवर मी मोठमोठ्याने गात होतो. आता ती आणि तिच्याकडची माणसं घर बघून जायची, एवढंच राहिलं होतं.

पाहुणे यायचे त्याच सकाळी वेल पहिल्यांदा फुलली. हिला बरा मुहूर्त सापडला! व्हॅनिलाचं फूल पहाटे उघडतं नि दुपारी मान टाकतं. शेंग धरायची तर तेवढ्या वेळात पराग हातानेच लावावे लागतात. हे काम करणारी मधमाशी म्हणे सातासमुद्रापार राहते. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात लिंबाचा काटा घेऊन मी फुलांशी झटत होतो, तोच पाहुणे वेळेआधी दारात हजर.

"आरं मेल्या, ये की हिकडं!" आई मागच्या दारातून दबक्या आवाजात ओरडली.

मी जायच्या आत मुलगीच वाडी बघायला मागे आली. काय करताय म्हणाली. मी दाखवलं. फुलाच्या आत एक पातळ पडदा असतो. तो काट्याने उचलायचा आणि पराग अंगठ्याने पलीकडे हलकेच दाबायचे. सांगता सांगता तिच्याकडे बघत राहिलो आणि फूलच फाटलं.

"द्या इकडे," म्हणाली, आणि ओठ दाताखाली धरून उरलेली सगळी फुलं तिनेच केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "आज शिफ्ट नाही?"

"कंपनी कधीच सुटली," मी म्हटलं. "हेच करतो."

तिने काटा माझ्या हातात परत दिला. "बाबांना आत्ता काही बोलू नका. मी सांगेन त्यांना, माझ्या पद्धतीने."

त्या क्षणी मला वाटलं, जमलं! देव पावला!

तेवढ्यात तिचे वडील चहाचा कप घेऊन मागे आले. वेल बघून खूश झाले. "वा! कंपनी सांभाळून हे कधी करता?"

"सुट्टीच्या दिवशी करतात, बाबा," ती पटकन म्हणाली.

आणि मी, अक्कल गहाण टाकलेला माणूस, म्हणालो, "छे छे, सुट्टीच्या दिवशी कसं चालेल? हंगामात रोज नवं फूल उघडतं. रोज सकाळी इथंच असावं लागतं."

वडिलांनी कप पायरीवर ठेवला. अर्धा.

निघताना ती माझ्याजवळ थांबली. "एक सुट्टी खोटी सांगता आली नाही तुम्हाला?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला, नाय म्हणून.

पराग नीट लागले नाहीत तर फूल एक-दोन दिवसांत गळतं. लागले तर ते सुकूनही देठाला चिकटून राहतं. दोन दिवसांनी मी वेलीखाली गेलो. माझ्या हातची फुलं खाली पडली होती. तिने केलेलं एकही पडलं नव्हतं. मी तिथेच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

आई मागे येऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "धरली का रं फुलं?"

"व्हय," मी म्हटलं. "तिची सगळी धरली."