जिना रुंद केलाय म्हणं

मंडळी, आज नात आलती पुण्यास्नं. इथल्या कॉलेजात कंप्युटर शिकवायची नवी इमारत व्हणार हाय, तिचा नकाशा हिनं काढलाय.

मला दाखवत म्हणाली, "आजी, वारा खेळेल अशा खिडक्या आहेत, एसी लागणार नाही. आणि जिना मुद्दाम रुंद केलाय. जाता-येता मुलं थांबून बोलतील."

म्हटलं, "रुंद केला म्हणून माणूस थांबतंय व्हय गं? माझं अंगण केवढं हाय बघ की!"

"आजी, तुझं आपलं काहीतरीच!"

जेवून जा म्हटलं, तर उभ्यानंच चहा प्याली आन् गेली.

नकाशा झ्याक हाय, खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्याची पोरं थांबवायला निघालेली ही, सवता काय टेकली न्हाय. तुमच्याकडं आलेली बसत्यात का हो?