केसांवर घेतलेला तांब्या

आमची फुई, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, कुणालाच माफ करत नाही. "देव माफ करस, मी नही," असं ती भाकरी थापता थापता सांगते. देवाचं हे वागणं तिला मुळीच पसंत नाही.

ब्राह्मणपुरी गावात तिच्या वेणीचा दरारा होता. कोणतं तेल लावता, म्हणून मुली तिला विचारायच्या. एका पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. ताप गेला, अंगात ताकद आली, आणि दिवाळीच्या सुमारास कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. बघता बघता वेणीची उंदराची शेपटी झाली. शहाद्याचे डॉक्टर म्हणाले, तापामुळे गळताहेत, परत येतील. फुई गळलेला एकही केस टाकायची नाही, पिशवीत भरून ठेवायची.

त्याच हिवाळ्यात तिच्या मोठ्या जावेच्या मुलाचं लग्न होतं. पोराला फुईनेच अंगाखांद्यावर वाढवलेलं, त्यामुळे हळदीचा पहिला मान तिचा ठरलेला. ऐन वेळी जाऊ सगळ्यांदेखत हसून म्हणाली, "टकली हयद लावीन का? फोटो खराब व्हतीन. तू मांगे बस." फुई मागे जाऊन बसली. ते हसणं आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

फुई रडली नाही. केसांवर भांडी देणारा मोटारसायकलवाला गल्लीत आला, तेव्हा तिने पिशवी देऊन स्टीलचा तांब्या घेतला. शहाद्याला जाऊन त्यावर 'काकीच्या केसांचा आहेर' असं कोरून आणलं आणि लग्नानंतरच्या पूजेला, भरल्या घरात, नव्या सुनेच्या हातात दिला. आहेराचं भांडं टाकता येत नाही. त्यात सुनेला तो आवडला. आल्यागेल्याला ती त्यातूनच पाणी देते. पाहुणा वाचतो आणि विचारतो, हे कसले केस? जाऊबाईंना दर वेळी नवी थाप सुचत नाही.

पुढे फुईचे केस परत आले. आता ती वेणी पुढे घेऊन मुद्दाम त्या घरी जाते आणि पाणी मागते.

यंदा मलाही ताप येऊन गेला, आणि मग न्हाणीच्या जाळीवर माझे केस साचू लागले. मी रडतच फुईला फोन केला. ती धीर देईल असं वाटलं होतं. तिने आधी एवढंच विचारलं, "कोन हासनं?"

मी ऑफिसातल्या एका बाईंचं नाव सांगितलं.

"केस फेकू नको," फुई म्हणाली.