डहाणूचा पांढरा बावटा

नाशिकहून शुक्रवारी दुपारी निघालो तेव्हा गाडीत तिघं होतो: मी, माझी बायको आणि माझी दुर्बीण. दुर्बिणीला धक्के लागू नयेत म्हणून ती पुढच्या सीटवर ठेवली होती, त्यामुळे बायको मागे बसली होती. जव्हारच्या घाटात ती पहिल्यांदा बोलली. "घरातला पंखा वर्षभर कुरकुरतोय, तो यांना ऐकू येत नाही. आणि ढगातलं इंजिन ओळखतात."

खोटं नव्हतं ते. बँकेतल्या नोकरीला तीस वर्षं झाली आणि विमानं ओळखण्याच्या नादाला त्याहून जास्त. शेपूट, पंख, आवाज एवढ्यावरून मी विमानाची जात सांगतो. ती बरोबर आहे की नाही हे तपासायला घरात कुणी नसतं, म्हणून माझी चूक आजवर कधी सापडलेली नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार कसरतीची विमानं उडणार असं तलासरीच्या साडूंनी फोनवर सांगितलं आणि मी त्याच संध्याकाळी रजेचा अर्ज टाकला.

तलासरीला पोचलो तेव्हा मेहुणीने नागलीची (नाचणीची) भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. साडू शिक्षक. पूर्वेकडच्या टेकड्यांतल्या पाड्यांवर त्यांची हयात गेली. वाढता वाढता म्हणाले, "साडूभाऊ, आमच्या पोरांना विमान रोज दिसतं. मुंबईला जाणारं. कुणी मान वर करत नाही."

"जातिवंत नजर लागते," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो, पण मला तसं खरंच वाटत होतं.

शनिवारी सकाळी एकटाच डहाणूला गेलो. किनाऱ्यावर मंडप, चिकूचे ढीग, पाववड्याच्या गाड्या, कर्ण्यातून देशभक्तिपर गाणी. एवढ्या गर्दीत सामान्य माणसं उभी राहतात. मी ऊन पाठीशी येईल अशी जागा शोधत खाडीच्या तोंडापर्यंत चालत गेलो. तिथे भरतीचं पाणी जवळजवळ काठाला लागलं होतं. तीन होड्यांत माणसं डिझेलचे कॅन चढवत होती. त्यांच्यापासून थोडी दूर, वाळत घातलेल्या जाळ्यापाशी एक बाई समुद्राकडे तोंड करून उभी होती.

पहिलं विमान पांढरा धूर सोडत आलं, उलटं झालं, सरळ झालं. मी वहीत नोंद करतोय तोच ती बाई जवळ आली.

"काका, त्यातून लांबचं दिसतं ना? जरा पाण्यावर बघाल?"

तिचं नाव जयवंती. नवरा आणि दीर काल पहाटे होडी घेऊन गेले होते. आज पहाटेच्या आतच परतायचे होते, पण आले नव्हते. फोन लागत नव्हता. समोरची माणसं त्यांनाच शोधायला निघत होती.

"होडी निळी हाय. नाकाडावर लाल पट्टा. आन बावटा (होडीवरचा झेंडा) पांढरा."

मी दुर्बीण खाली वळवली. चमकणारं पाणी, पाणी, मग दक्षिणेला वरोरच्या दिशेने जाणारी एक होडी. निळी. पुढे लाल.

"आहे. निळी, लाल पट्टा. वरोरकडे चालली आहे."

"बावटा पांढरा हाय ना?"

त्याच वेळी दोन विमानं समोरासमोर येत होती. अशी झुंज मी फक्त चित्रात पाहिली होती. बावटा होता, तो फडफडत होता, उन्हात त्याचा रंग कळत नव्हता. आणखी पाच-सहा श्वास बघत राहिलो असतो तर कळला असता.

"हो, पांढरा," मी म्हणालो आणि दुर्बीण वर केली.

जयवंतीने हाका मारल्या. होडीतला म्हातारा लक्ष्मणदादा काठावर आला. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नीट बघितलं का साहेब? बावटा?"

"दादा, मी तीस वर्षं दोन मैलांवरून विमानं ओळखतोय."

"वरोरला माझं म्हायार," जयवंती म्हणाली. "इंजिन बिघडलं आसंल, म्हणून तिकडं लावली आसंल." ती हसत होती. शोधाला जायचं थांबलं, कॅन उतरवले गेले. तिने मला पेलाभर चहा आणून दिला. मी तो वर बघतच प्यायलो.

तीनच्या सुमारास वरोरहून तिच्या भावाचा फोन आला. निळी होडी आली होती, पण ती दुसऱ्याची. तिचा बावटा पिवळा होता.

लक्ष्मणदादा धावत खाडीकडे गेला आणि थांबला. तेव्हा मला ते कळलं, जे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. सुकती (ओहोटी) लागली होती. खाडीतलं पाणी निघून गेलं होतं आणि तिन्ही होड्या चिखलात कलंडल्या होत्या. पुढची भरती मध्यरात्री. वरोरलाही तेच. किनाऱ्यावरच्या पोलीस चौकीला कळवलं, तिथूनही पाणी चढल्यावरच निघता येणार होतं. दहा-बारा माणसं कमरेएवढ्या चिखलात उतरून एक होडी ढकलू लागली. मीही बूट काढून उतरलो. होडी हातभरसुद्धा सरकली नाही. मी गुडघ्यापर्यंत रुतलो तेव्हा त्यांना हातातलं काम सोडून मला बाहेर ओढावं लागलं.



रविवारी सकाळी साडू माझ्याबरोबर आले. होड्या उजाडताना परतल्या होत्या. जयवंतीचा दीर रमेश घोंगडीत गुंडाळून काठावर बसला होता, दवाखान्याच्या गाडीची वाट बघत. त्याचा भाऊ, जयवंतीचा नवरा, बाजूला ताडपत्रीखाली होता. शनिवारी पहाटे लाटेने होडी उलटली होती. दोघं तिच्या पाठीला धरून होते. जयवंती रमेशसमोर बसली होती.

"दिवसभर बोलत व्हता दादा," रमेश म्हणाला. "विमानांचा धूर दिसत व्हता आमाला. दादा बोलला, येवढी मानसं बघायला जमलीत, कोनाला तरी दिसू आपन. दिस बुडेपर्यंत धरून व्हता."

वरून विमानं गेली. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला होता. धूर त्या दिवशी तीन रंगांचा होता. काठावरच्या एकानेही वर पाहिलं नाही, मीही नाही.

मी लक्ष्मणदादाला बाजूला घेतलं. "दादा, मला बावट्याचा रंग दिसला नव्हता. मी तसंच हो म्हणालो."

"पिवळा बावटा निघाला तवाच कळलं व्हतं मला ते," तो म्हणाला. मग जयवंतीकडे बघत पुढे बोलला, "तिला वाटतंय, उन्हात तुमाला पिवळा पांढरा दिसला. तुमी चुकलात, असं तिला वाटतंय."

"मी सांगतो तिला."

"आज नाय. आज ती रडंल का तुमाला बोलंल? बाराव्याला या. तिच्यासमोर बसा न बोला."

परतीच्या वाटेवर बायको पुढच्या सीटवर बसली होती. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. साडूंनी मेहुणीला सांगितलं असावं, आणि मेहुणीने हिला. 

आमच्याकडे प्रवासाहून आलो की भाऊ, वहिनी, पुतणे जमतात आणि मी गोष्ट रंगवून सांगतो. याही वेळी जमले. मी चिखलात रुतलो तिथपर्यंत सांगितलं. साहेबांना कोळ्यांनी काखेत हात घालून उपटलं म्हटल्यावर सगळे पोट धरून हसले. पुतण्या म्हणाला, "काका, पण तुम्ही चिखलात उतरलात कशाला?"

बायको उठून आत गेली.

मग मी पुन्हा पहिल्यापासून, बावट्यासकट सांगितलं. बाराव्याच्या आधी ही गोष्ट तोंडातून बाहेर पडते का, तेही मला बघायचं होतं. पडली. दोनदा अडकली, पण पडली.  वहिनीने चहा केला आणि तो तसाच राहिला.

परवा बारावा आहे. मी पहाटे निघणार आहे. बायको म्हणाली, मीही येते. मी नको म्हणालो. तिला बघून जयवंती मला बोलायची थांबली, तर जाण्याचा उपयोग नाही.