चांदवालीचे कान

आई रोज सकाळी चहाच्या आधी गाईंचे कान धरायची. गोठ्यात पाच गाई. प्रत्येकीपाशी जायचं, कान मुठीत घ्यायचा, क्षणभर थांबायचं, सोडायचा. तिचं माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे माणसांशी मराठी आणि जनावरांशी कानडी असा तिचा कारभार. "बारव्वा, बारव्वा," म्हणजे ये गं बाई, करत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि गाई आपणहून माना पुढे करायच्या. मी शाळेत असल्यापासून हे बघत आलो होतो, म्हणून त्यात बघण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. ती काय तपासते, हेसुद्धा मी कधी नीट विचारलं नव्हतं.

मग आमच्याकडे, अकलूजच्या बाजूला, डेअरीमार्फत गाईंच्या गळ्यात घालायचे पट्टे आले. काळा जाड पट्टा आणि त्याला साबणाच्या वडीएवढी डबी. गाय किती चालते, किती बसते, किती वेळ रवंथ करते, सगळं ती डबी टिपते आणि फोनवर पाठवते. फोनात प्रत्येक गाईपुढे एक गोल. हिरवा म्हणजे बरी, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे पळा. पट्टे बसवायला आलेला माणूस म्हणाला, "तुम्हाला दिसायच्या आधी ह्याला कळतं." हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मी तर हुरळूनच गेलो. उसाला पाणी देताना, लग्नाच्या पंगतीत, मोहोळला पाहुण्यांकडे गेलो तरी फोन काढून गाई दाखवायचो. पहिल्याच महिन्यात एक गाय माजावर आल्याचं आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते फोनने धरलं. त्या दिवसापासून मी आईला चिडवायला लागलो, "आता तुझ्या हाताला सुट्टी."

"सुट्टी घिऊन काय करू लेका, फोन खेळू?" असं म्हणून ती गोठ्यात गेलीच.

दिवाळीच्या तोंडावर चांदवाली व्याली. कपाळावर पांढरा चांद असलेली ही गाय आईने बाटलीने दूध पाजून वाढवली होती, कारण हिची आई हिला जन्म देऊन गेली होती. तिला कालवड झाली. वसुबारसेला पूजेला गाय-वासरू घरचंच, म्हणून आई दोन दिवस जमिनीवर नव्हती. चांदवालीच्या शेजारी काळी. ती गाभण होती, तिला अजून दीड-दोन महिने होते.

वसुबारसेच्या सकाळी आईने गाई धुतल्या आणि पाचही पट्टे काढायला लावले. "आज हार घालायचाय गळ्यात. पट्टा कुत्र्याला घालत्यात," ती म्हणाली. मी म्हटलं, काढ बाई, एका दिवसाने काय होतंय. पट्टे तिने ओल्या फडक्याने पुसून गव्हाणीवरच्या खुंट्यांना अडकवले, ज्या गाईचा पट्टा तिच्याच खुंटीला. संध्याकाळी गाय-वासराला ओवाळलं, पुरणाचा घास दिला. मग तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिने पट्ट्यांनाही ओवाळलं आणि प्रत्येक डबीवर ओली हळद आणि वर ठसठशीत कुंकू लावलं. दसऱ्याला आपण ट्रॅक्टरला, विळ्याला लावतो, तसंच. मला हसू आलं. मी फोटोही काढला.

डबीवर नंबर असतो. तीन चांदवालीचा, चार काळीचा. आईने कुंकू लावलं ते नेमकं नंबरावर, कारण डबीवर सपाट जागा तेवढीच.

पट्टे परत घालायला मी गेलो. नंबर दिसेना. अंगठ्याने पुसला असता तर दोन सेकंदांचं काम होतं. पण सणाच्या दिवशी, लावल्या लावल्या कुंकू पुसायचं? हात पुढे झाला नाही. आजही मी स्वतःला हेच सांगतो, पण खरं म्हणजे मला कंटाळाही आला होता. डावीकडच्या खुंटीचा पट्टा डावीकडच्या गाईला, असा हिशोब करून मी घालून मोकळा झालो. आईने पट्टे गव्हाणीच्या बाजूने, गाईंकडे तोंड करून अडकवले होते. मी या दोघींचे पट्टे त्याच बाजूने एकदम काढून घेतले आणि फिरून गाईंच्या मागच्या बाजूने गेलो. तिकडचं डावं ते इकडचं उजवं. बाकीच्या तिघींचे पट्टे लांबच्या खुंट्यांना होते, ते एकेक करून घातले, म्हणून बरोबर गेले. चांदवालीचा पट्टा एक भोक जास्त आवळावा लागला, तेव्हा बायको म्हणाली, "बाळंतपणानं वाळलीया." आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनात काळीपुढे लाल गोल. रवंथ कमी, हालचाल कमी. आणि ती गाभण. पळत गेलो तर काळी वैरण ओढत होती. मला वाटलं, हेच ते, आपल्याला दिसायच्या आधी ह्याला कळतं. डॉक्टरांना फोन लावला.

मागून आई आली. "आरं, चांदवालीचं कान गार लागत्यात."

मी फोन तिच्यापुढे धरला. चांदवालीचा गोल हिरवागार होता. "हे बघ. ती ठणठणीत हाय. आजारी काळी हाय."

"गार हायत म्हणतीय मी."

"थंडी पडलीय आई."

डॉक्टर दुपारी आले, सणाचं ताट अर्धवट सोडून. काळीच्या कुशीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "हिला काय झालंय? हिनं माझी पिशवी खाल्ली असती आत्ता," म्हणाले. मी लाल गोल दाखवला. त्यांनी खांदे उडवले आणि माझ्या समाधानासाठी एक इंजेक्शन दिलं. काळी बिचारी नुसतीच दचकली.

आई पदर सावरत पुढे झाली. "डॉक्टर, चांदवालीबी बघा की. मागचं पाय जड टाकतीय."

"मावशी, आलोच आहे तर..." डॉक्टर पिशवी उघडायला लागले.

मीच त्यांना थांबवलं. हे वाक्य लिहिताना हात जड होतोय, पण थांबवलं मीच. फोन दाखवून म्हणालो, "ती बरी हाय डॉक्टर, तुमी जावा, घरी वाट बघत असतील." ते गेले. आईने एक पोतं आणून चांदवालीच्या पाठीवर टाकलं, खाली बसली आणि दोन्ही हातांनी तिचे कान चोळायला लागली. "यव्वा, यव्वा," असं काहीतरी पुटपुटत होती.

दिवस मावळायला टेकला तेव्हा चांदवाली बसली होती आणि मान वळवून तोंड कुशीवर ठेवून होती. कालवड त्याच बाजूला बांधलेली. आई म्हणाली, "ही मान बघ. पुन्ना बलाव डॉक्टरला."

"वासराकडं बघतीय ती," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं. गाय आपल्या लेकराकडे बघतेय, किती छान, असंही वाटून गेलं. काळीचा गोल मात्र जास्तच लाल झाला होता, म्हणून मी काळीपाशी बसून राहिलो. ती माझा शर्ट चाटत होती.

पहाटे चांदवाली गेलेली होती. मान तशीच कुशीवर.

मी फोन काढला, कारण तोवर कुठलीही गोष्ट फोनात बघितल्याशिवाय मला खरी वाटत नव्हती. चांदवालीपुढे हिरवा गोल होता. रवंथ चालू, असं लिहिलेलं होतं. काळीच्या हालचालीची रेघ मात्र मध्येच कुठेतरी सपाट होऊन तशीच पुढे गेली होती. मी मान वर केली. काळी उभी होती, डोळे अर्धे मिटून शांतपणे जबडा हलवत होती. तिचा जबडा हलत होता आणि माझ्या हातातल्या फोनात मेलेली गाय रवंथ करत होती. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

मग मी खाली बसलो आणि चांदवालीच्या गळ्यातल्या डबीवरचं कुंकू अंगठ्याने पुसलं. हळद वाळून घट्ट झाली होती. खाली चार होता.

डॉक्टर नंतर म्हणाले, व्याल्यावर कॅल्शियम उतरतं, कान गार पडतात, मान वळते, पायातला जोर जातो. वेळेवर शिरेतून बाटली दिली की बहुतेक गाई उठून उभ्या राहतात. आई ऐकत होती. तिने तिन्ही गोष्टी मला सांगितल्या होत्या, कॅल्शियम हा शब्द सोडून.

मी तिला पुसलेली डबी दाखवली, सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या देईल, आणि द्यायला हव्या होत्या. ती डबीकडे बघत म्हणाली, "कुकू मीच लावलं व्हतं की." तिथेच मी बोलायला हवं होतं की आई, तुझं काही चुकलं नाही, तू तीनदा सांगितलंस. मी गप्प राहिलो. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, याची लाज मला चांदवालीच्या मरणाइतकीच आहे. नंतर मी ते बोललो, दोन-तीन वेळा बोललो, पण तिने नुसती मान हलवली.

त्या दिवसापासून ती गाईंचे कान धरत नाही. गोठ्यात येते, कालवडीला दूध पाजते, शेण काढते, निघून जाते. गाई अजून तिच्याकडे माना पुढे करतात.

परवा काळी व्याली. नंबर आता मी रोज बघतो, पट्टा तिचाच आहे, गोल हिरवा आहे. आज सकाळी चहाच्या आधी मी गोठ्यात गेलो आणि तिचा कान मुठीत धरला. काहीच कळेना. आई दारात उभी होती, तिला विचारलं, "आई, गार म्हंजे किती गार?"

"फोनात बघ की," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती खरंच सांगत होती.

ती आत गेली. मी पुन्हा कान धरला. गार लागला. पण थंडीचे दिवस आहेत, माझा हातही गारच होता.