खिडकीखालची गाडी

कामोठ्यात आमची सोसायटी हायवेला लागूनच. कळंबोलीच्या ट्रकांचा धूर हा आमच्या मीटिंगचा कायमचा विषय. तक्रारअर्ज लिहायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं आणि एका रविवारी घरोघरी सह्या घेत फिरले.

तळमजल्यावर एक निवृत्त जोडपं राहायचं. काकांना दमा होता. काकूंनी चष्मा लावून अख्खा अर्ज वाचला, सही केली आणि कागद परत देताना हळूच म्हणाल्या, "एक सांगू? सकाळी तुमची गाडी आमच्या खिडकीखाली बराच वेळ चालू असते. धूर सरळ आत येतो हो."

खरंच होतं ते. आमची जुनी डिझेल गाडी. आत गार व्हावं म्हणून मी एसी लावून बसायची. लेक वर बूट शोधत रेंगाळायची. ती आली की तिला शाळेत सोडून मी महापेला ऑफिसला जायची.

"काकू, एका गाडीने काय होतंय? ते ट्रक बघा ना!" मी फटकन म्हणाले.

"बरं," एवढंच म्हणाल्या त्या.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गाडी तिथेच चालू ठेवली. पुढे आठवडाभर ठेवली.

मग आमचं एक पार्सल चुकून त्यांच्याकडे गेलं, ते आणायला मी गेले. ऑक्टोबरचा उकाडा, तरी त्यांची खिडकी गच्च बंद. फटींवर सगळीकडे खाकी चिकटपट्टी. पलंगावर काका वाफेचा मास्क लावून बसले होते. मला बघून त्यांनी मास्क काढला, हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेचना.

काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या. मी शब्द जुळवत होते, तोवर त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. राग मानू नका हं."

आणि मी काय म्हणावं? "छे हो काकू, राग कसला!"

माफी मी मागायची होती. मी त्यांची घेऊन, पार्सल काखेत मारून लिफ्टमध्ये शिरले.

दुसऱ्या दिवसापासून लेक गाडीत बसल्याशिवाय मी चावी फिरवली नाही. काकूंनी ते पाहिलं असेल, नसेलही. दिवाळीनंतर ते दोघं मुलाकडे नाशिकला राहायला गेले. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी वर गॅलरीत उभी होते. खाली उतरायचं धाडस झालं नाही.