ब्रेकचा दिवा

दिवा लागत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून मी दोन महिने गाडी चालवली.

सकाळी भंडाऱ्याहून निघायचं, मोहाडीमार्गे आंधळगावची शाळा गाठायची, मुलांना गणित शिकवून संध्याकाळी परत. गाडी मी चालवायची आणि तिची देखभाल नवऱ्यानं करायची, अशी आमची वाटणी. पावसाळा सरता सरता वळणावर ब्रेकचा लाल दिवा लुकलुकायला लागला. सरळ रस्त्याला लागलं की विझायचा. मी घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. खोटं कशाला बोलू, आठवडाभर रोज जेवताना सांगितलं. शेवटी एका रविवारी हे गाडी मेकॅनिककडे घेऊन गेले आणि दुपारी किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले, "झालं तुझं काम. आता दिवा लागणार नाही."

खरंच लागला नाही. स्टाफरूममध्ये बाकीच्या जणी आपापल्या नवऱ्यांच्या तक्रारी सांगत होत्या, त्यात मी माझ्या नवऱ्याचं कौतुक जरा मोठ्यानंच केलं. दसऱ्याला ह्यांनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी हळदकुंकू वाहिलं.

धानकापणी झाली. मोहाडीच्या पुढे तलावाजवळ अर्ध्या रस्त्यावर धान वाळत पडलं होतं, कडेनं दगड मांडलेले. हे दरवर्षीचंच. एक म्हातारी पायानं धान फिरवत होती. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून मी ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. घाबरून हँडब्रेक ओढला, तशी गाडी धानात घुसली आणि सरकत सरकत म्हातारीपासून दोन पावलांवर थांबली.

"काहून वो बाई, माहा जीव घेतं काय?" म्हातारी ओरडली. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि आपल्या गडव्यातलं पाणी मला पाजलं.

फोन केल्यावर आमचा मेकॅनिक तासाभरात आला. टाकीतलं ब्रेक ऑइल तळाला गेलं होतं, मागचं चाक आतून ओलं. हँडब्रेक अजून ओढलेलाच होता. तो ओढला की तोच लाल दिवा लागायला हवा, एवढं मलाही ठाऊक होतं. दोन महिने मी ते पाहिलंच नव्हतं.

"दिवा का लागत नाही?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, तो बल्ब तं साहेबानंच काढाले लावला. मी सांगतलं होतं, मागून ऑइल गळून रायलं, सामान बदलावं लागते. साहेब म्हणाले, दिवाळी झाल्यावर पाहू, आता बल्ब काढ, बाई रोज डोकं खाऊन रायली."

"आणि तू काढलास?"

"मले वाटलं, साहेब तुम्हाले सांगतीन."

त्याच्यावरचा माझा राग संध्याकाळपर्यंत गेला. ह्यांच्यावरचा गेला नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते त्या दिवशी कळलं. गाडीत बिघाड होता याचं मला काही नाही, गाडी म्हटली की बिघाड आलाच. पण तो मला कळू नये, याची सोय माझ्या माणसानं केली, आणि वर रोज सकाळी मला "सांभाळून जा" म्हणत राहिला.

"तू घाबरून राहिली होती ना, म्हणून केलं," हे म्हणाले. "तुझ्याच जिवाला शांती."

"आणि जीवच गेला असता तर? त्या म्हातारीचा?"

ह्यांनी ताट पुढे ओढून घेतलं. जेवलेही पोटभर.

आता बॉनेट मीच उघडते. टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये ऑइल आहे ना पाहते, निघण्याआधी ब्रेक दाबून बघते, हँडब्रेक ओढून दिवा लागतो ना तेही बघते. हे चहाचा कप घेऊन दारात उभे असतात. "सामान नवीन टाकलं, बल्ब लावला. आता काय पाहून राहिली?" मी बॉनेट लावून निघते.

परवा ह्यांच्या छातीची तपासणी झाली. घरी आले, "सगळं नॉर्मल आहे," म्हणाले आणि चपला काढायला वाकले. पूर्वी मी लगेच देवापुढे साखर ठेवली असती. मी हात पुढे केला.

"कागद दाखवा."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. तरी मी हात मागे घेतला नाही.