एकतिसावं पत्र

शैलाताई गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी लंडनमध्ये, हाउन्सलोच्या बसस्टॉपवर उभी होते. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो फाइलचा. आमचे सगळे कागद त्यांच्याकडे होते, शुक्रवारपर्यंत अपिलाचा अर्ज जायला हवा होता, आणि तो मंगळवार होता... बस येऊन निघून गेली तरी मी दिवसच मोजत होते. दुःख नंतर आलं. आलं ते अजून हललेलं नाही.

शैलाताई निवृत्त वकील. सगळी नोकरी फौजदारी अपिलांचे कागद वाचण्यात गेलेली. आमचा बॅरिस्टर होता, पण तो बोलायचा त्यातलं निम्मं आमच्या डोक्यावरून जायचं, म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी मला त्यांच्याकडे पाठवलं. माझा धाकटा भाऊ मंदार स्लाऊच्या एका गोदामात शिफ्ट मॅनेजर होता. तिथून फोनचे खोके गायब झाले, एक सहकारी पकडला गेला आणि त्याने मंदारचं नाव घेतलं. याचा शब्द की त्याचा, एवढाच खटला. ज्यूरीने त्याचा शब्द धरला. मंदारला चार वर्षांची शिक्षा झाली, आणि सुटल्यावर हा देशही सोडावा लागणार होता.

पहिल्या भेटीला मी मोठ्या ऐटीत तीस पत्रं घेऊन गेले. मंडळात घरोघरी फिरून गोळा केली होती. मंदार कसा सालस, गणपतीत कसा राबतो, कुणाच्या आजीला कसं हॉस्पिटलला नेलं... शैलाताईंनी गठ्ठा न उघडताच बाजूला ठेवला.

"छान आहेत. पण कोर्टाला नकोत."

"अहो, पण माणूस कसा आहे हे त्यांना कळायला नको?"

"तिथे ट्रायल पुन्हा होत नाही गं. कन्व्हिक्शन सेफ आहे का, म्हणजे दोषी ठरवलं ते टिकतं का, तेवढंच बघतात. तू जजने ज्यूरीला काय सांगितलं ते वाच. मोठ्याने वाच."

मग दर शनिवारी सकाळी त्यांच्या कन्झर्व्हेटरीत, घरामागच्या काचेच्या खोलीत, मी जजचं ते समारोपाचं भाषण वाचायचे आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. मधेच पेन्सिल टेबलावर टकटक वाजवायच्या, की मी थांबायचं. मला तर पानोपानी अन्याय दिसत होता. जजचा सूर खवचट होता, आमच्या साक्षीदाराला घाई केली, काय नि काय. शैलाताई त्या सगळ्यावर खुणा करायच्या आणि पुढच्या शनिवारी स्वतःच खोडून टाकायच्या. "दहा चुका दाखवल्यास की त्यांना एकही दिसत नाही," म्हणायच्या. शेवटी एकच खूण उरली. मंदारवर याआधी एकही गुन्हा नव्हता हे जजने सांगितलं होतं, पण त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवताना ते लक्षात घ्या, असं सांगायचं राहिलं होतं.

"एवढंच?" मी रडकुंडीला आले.

"एवढंच. पण हे आहे."

त्या एका मुद्द्यावर बॅरिस्टरने अपिलाची परवानगी मागितली, ती एका न्यायाधीशाने नुसते कागद पाहून नाकारली. आता तीन न्यायाधीशांपुढे जायचं तर दोन आठवडे हातात होते. वर इशारा होता की त्यांना अर्ज फुकटचा वाटला, तर आत काढलेल्या दिवसांतले काही ते शिक्षेत धरणार नाहीत. माझी झोप उडाली. मंदार तुरुंगातून फोनवर विचारायचा, "ताई काय म्हणतात?" आणि ताई म्हणायच्या, "आत मी नाहीये. त्याचं त्याने ठरवायचं." मला त्यांचा संताप यायचा. त्याहून जास्त राग यायचा तो दुसऱ्या एका उत्तराचा. "तुम्हाला काय वाटतं, त्याने केलं असेल?" असं मी दर शनिवारी विचारायचे. त्या पेन्सिलीला टोक करत म्हणायच्या, "तो प्रश्न माझ्यापुढे नाही." बाईला काळीजच नाही, असं मी चार जणांना सांगितलं. नंतर सर्दी झालीय, येऊ नकोस, म्हणाल्या. ती सर्दी नव्हती.

बुधवारी त्यांच्या मुलीने, निकिताने, दारातच फाइल माझ्या हातात दिली. रडून तिचे डोळे सुजले होते. "आई म्हणाली होती, तुमचा फाइल पहिला द्यायचा," ती तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली. त्या संध्याकाळी मंदारचा फोन आला. ताई गेल्याचं सांगितल्यावर तो म्हणाला, "पाठवायचा अर्ज. ठरवलं मी." बॅरिस्टरने तो गुरुवारी पाठवला. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे.

फाइलच्या तळाशी ती तीस पत्रं निघाली. मला वाटलं होतं, ती कधीच रिसायकलिंगमध्ये गेली असतील. प्रत्येक पाकीट उघडलेलं होतं, प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण होती. सगळ्यात शेवटी त्यांच्या अक्षरात नावांची यादी, एक ते तीस. त्याखाली एकतीस आकडा घालून जागा रिकामी ठेवलेली आणि पुढे एकच शब्द. "बहीण?"

खटल्यात सरकारी वकिलाने त्या खोक्यांबद्दल थेट विचारलं तेव्हा मंदारने आधी माझ्याकडे पाहिलं होतं आणि लगेच नजर वळवली होती. तेवढंच, बाकी काही नाही. त्यानंतर मी तीस दारं वाजवली, तीस जणांकडून लिहून घेतलं, पण स्वतः कागद घेऊन बसले नाही. हे ताईंखेरीज कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

माझं पत्र कोर्टाला लागणार नाही, हे आता मला पाठ झालंय. तरी निकिताकडून त्यांची पेन्सिल मागून आणली आहे. 'मंदार माझा धाकटा भाऊ' इथवर लिहून झालंय. पुढचं वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं... पेन्सिलीच्या टोकाचं रबर ताईंनीच जवळजवळ संपवलेलं होतं. जेमतेम एकदा खोडता येईल, एवढं उरलंय.